नाताळच्या तयारीत येशूची आठवण कशी जपता?

वसईची_सून:
आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार उलटला की आमच्याकडे नारळ खवायला काढतात. करंज्या, कुलकुल, मार्झिपान, मिल्क क्रीम, सगळं घरीच. कुलकुलासाठी काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबायची आणि अलगद गुंडाळायची, हे आमच्या घरात सासूबाईंइतकं सुबक कुणालाच जमत नाही. मला वर्षातले हे दिवस सगळ्यांत जास्त आवडतात.

परवा प्रार्थनासभेत एक बाई म्हणाल्या, खरा नाताळ फराळात नाही, सगळ्याचा बाजार झालाय. दुकानांबद्दल म्हणत असतील तर पटतं. पण चार बायका आणि पोरं ओट्याभोवती बसून हसतखेळत राबतात, त्याला बाजार कसं म्हणायचं? मात्र माझी सात वर्षांची मुलगी मला विचारते, "मम्मी, सांता येणार की येशू?" तिला तयारी एकीकडे आणि येशू दुसरीकडे असं वाटू नये. तुम्ही घरी काय करता? मुलांना हातांनी करता येईल असं काही सांगा.

निर्मळचा_गोठेवाला:
ताई, गोठ्यापासून, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यापासून, सुरुवात करा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली, गवत पसरलं, जिवंत बैल आणि गाढव आणून उभं केलं आणि तिथेच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाली. देव किती गरिबीत जन्मला हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही पोरं गोठा बांधताना थर्माकोलचे डोंगर आणि लायटिंग यांत रमतो, आणि रमावंच. पण गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. मुलांनी कुणाला मदत केली, भांडण मिटवलं, की पेंढ्याची एक काडी त्यांच्याच हाताने गव्हाणीत टाकायची. बाळासाठी अंथरूण तेच तयार करतात. आमची पोरं तर एकमेकांच्या काड्यांवर लक्ष ठेवून असतात! बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजेही लगेच गोठ्यात नकोत. लांब कपाटावर ठेवा, रोज थोडे पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचू देत.

गिरीजची_आजी:
बाळा, फराळ कर, पण डबा उघडू नकोस. आगमनकाळ हा वाट बघण्याचा काळ. फादर जांभळी वस्त्रं घालतात, रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचं गीत गात नाहीत. मग मध्यरात्रीच्या मिस्सेला ग्लोरिया सुरू होतो, घंटा वाजतात, तेव्हा अंगावर काटा येतो. महिनाभर रोज केक खाल्ला तर त्या रात्रीची गोडी मुलांना कशी कळणार? आमच्याकडे पहिलं ताट शेजारच्या पाटलांकडे जातं. दिवाळीत त्यांचा फराळ आपल्याकडे येतो ना! ताट न्यायला मुलीला पाठव. कुणाच्या जन्माचं आहे हे तिनेच त्यांना सांगू दे.

नगरची_शिक्षिका:
आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे आमच्या रीती थोड्या वेगळ्या. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकाचे, अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरपासून रोज रात्री एक वाचला की २४ तारखेला पूर्ण होतं. करंज्यांना मुरड घालता घालता एकाने मोठ्याने वाचायचं. पहिल्याच दिवशी येशूची आई मरीया हिचं गीत येतं: देव भुकेल्यांना तृप्त करतो आणि धनवानांना रिकाम्या हातांनी पाठवतो. हे ऐकल्यावर आमच्या मुलांनी स्वतःहून वॉचमनकाकांच्या घरासाठी वेगळा डबा मागितला. आणि नाताळच्या आदल्या रात्री आपण पुनरुत्थानाचा अध्याय वाचत असतो. गव्हाणीतलं बाळ पुढे वधस्तंभापर्यंत आणि रिकाम्या कबरेपर्यंत गेलं, हे मुलांना त्याच महिन्यात कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

तुमच्या मुलीला मेणबत्त्यांचं चक्रही आवडेल. १८३९ साली हँबर्गमध्ये विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी येणार, असं मुलं सारखी विचारायची, म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची.

वसईची_सून:
आजी, डबा बंद ठेवायचं सासूबाईंना लगेच पटलं, मुलांना अजून नाही. पेंढा दीराच्या वाडीतून आणलाय, काड्या टाकायला आजपासून सुरुवात. लूकचा पहिला अध्याय मुलगी स्वतःच वाचणार म्हणते, लांब आहे तरी. गोठेवाले दादा, गोठ्यात हिरवळीसाठी नाचणी किती दिवस आधी पेरायची?

निर्मळचा_गोठेवाला:
१२ तारखेच्या आसपास पेरा. रात्रभर भिजवून मग करवंटीत, ओल्या मातीवर. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. हे काम मुलीकडेच द्या.