अनुभव धागा : कडी लावून, निवांत आंघोळ

दिवाळीत पहाटे उठून तेल, उटणं, कढत पाणी असा सगळा थाट आपण करतो. उरलेलं वर्षभर मात्र चार तांबे अंगावर ओतले की झालं. त्यातही घरातली बाई न्हाणीघरात शिरली की पाचव्या मिनिटाला बाहेरून हाक ठरलेली : "अगं, कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या?"

म्हणून हा धागा. टब असो, घमेलं असो की नुसती बादली, गरम पाण्यात स्वतःसाठी वेळ कसा काढता? पाण्यात काय घालता? घरचे काय म्हणतात? अट एकच : सामान घरातलं किंवा बाजारात सुटं मिळणारं हवं, हजार रुपयांच्या डब्या नकोत.

पुणे, बँकेत काउंटरवर

टब नाही, असता तरी तो भरायला सोसायटीचं पाणी पुरलं नसतं. माझं आपलं घमेलं. बांधकामाचं नव्हे, भांडीबाजारातून आणलेलं रुंद ॲल्युमिनियमचं. पोटऱ्या बुडतील इतकं गरम पाणी, मूठभर खडे मीठ, असलीच तर ओव्याची पुरचुंडी. पाणी कोपराने तपासायचं, कारण कामाने रापलेल्या बोटांना चटका उशिरा कळतो. पंधरा मिनिटं पाय सोडून बसायचं, मग टाचांना कोकमतेल. माहेरी सावंतवाडीला त्याचे पांढरे गोळे मिळतात, आई दरवर्षी पाठवते.

खरी अडचण वेळेची. बाई नुसती बसलेली दिसली की घरात सगळ्यांना कामं आठवतात. मी हे बाल्कनीत करते, दार बाहेरून ओढून घेऊन.

न्यू जर्सी

घर घेतलं तेव्हा दोन टब मिळाले. एकात मुलांची बदकं, दुसऱ्यात सासूबाई आल्या की बादली-मग! हसू नका, इथल्या निम्म्या देशी घरांत टबात बादली असते. बरोबरच आहे म्हणा, अंगावरून पाणी वाहून गेल्याशिवाय आपल्याला आंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही.

थंडीत इथे हीटरने हवा इतकी कोरडी होते की पोटऱ्यांवर भेगा पडतात. त्यावर ओट्स. साधे, बिनसाखरेचे, बिनवासाचे. मिक्सरमधून पिठासारखे बारीक करायचे. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळून पाहा, पाणी दुधाळ झालं तर जमलं. खाली साका बसला तर पुन्हा फिरवा. एका टबाला वाटीभर पुरतं, पाणी कोमटच हवं. बाहेर आल्यावर अंग घासायचं नाही, टिपायचं आणि ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं. टब निसरडा होतो, उठताना कडा धरा.

इप्सम सॉल्टही घालते कधी कधी. ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्वचेतून मॅग्नेशियम शरीरात जातं वगैरे जे पाकिटांवर छापलेलं असतं, त्याला भक्कम पुरावा नाही. मला बरं वाटतं ते बहुधा गरम पाण्यामुळे आणि बंद दारामुळे.

लातूर

वरचं वाचून टबाचा हिशोब करत बसलो. एका टबाला दीडशे लिटर सहज लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत नळाखाली उभं राहिलेल्याला अजूनही भरलेला टब बघवत नाही.

तरी धाग्याला विरोध नाही. आई गुडघ्यांसाठी निरगुडीचा पाला उकळते. पातेलंभर पाणी, त्यात टॉवेल बुडवून पिळायचा आणि गुडघ्यांना गुंडाळायचा. निवला की परत. उरलेलं गाळून थंड झाल्यावर झाडांना. मीठ घातलेलं मात्र झाडांना घालू नका.

टोकियो

इथे आठ वर्षांपासून आहोत आणि मी पूर्ण बाटले आहे! जपानी घरात टब अंग धुण्यासाठी नसतोच. बाहेर छोट्या स्टुलावर बसून आधी साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मगच टबात उतरायचं, खांद्यापर्यंत. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात, म्हणून साबणाचा थेंबही त्यात जाता कामा नये. मधल्या वेळात वर झाकण. पाणी ४० ते ४१ अंश, निवलं तर बटण दाबून पुन्हा तापवता येतं. टब लांब नसतो, खोल असतो. गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं.

आपल्या सोवळ्या मनाला आधी कसंसंच झालं. दुसऱ्याने वापरलेलं पाणी? पण धुऊन मग उतरायचं ही पद्धत उलट आपल्याला पटण्यासारखीच आहे.

डिसेंबरमध्ये, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, टबात युझू सोडतात. लिंबाच्या जातीचं पिवळं, खडबडीत सालीचं फळ. अख्खी फळं तरंगतात आणि सालीच्या वासाने न्हाणीघर भरून जातं. मी एकदा पातळ फडक्यात वाळा आणि नागरमोथा बांधून सोडला. नवरा म्हणाला, दिवाळी झाली ना?

मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. इथे रात्रीची आंघोळ हा दिवसाचा ठरलेला भाग आहे. बाबा टबात आहेत, आई टबात आहे, म्हणजे त्यांना हाक मारायची नाही, हे मुलांनाही कळतं. इथे वेळ चोरावा लागत नाही.

नागपूर

आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे बापा! डिसेंबरात अशी थंडी पडते का गिझरचं पाणी अंगाले लागतच नाही. बंबाच्या पाण्याला धुराचा वास येते, तोच पाहिजे. रविवारी डोक्यापासून पायापर्यंत तिळाचं तेल, अर्धा घंटा उन्हात बसाचं, मग बेसन-हळद-दूध आणि बंब रिकामा होईपर्यंत पाणी. मुलगी म्हणते, हे सेल्फ-केअर आहे. मी म्हटलं, आमच्या आजीनं तर याले रविवारच म्हटलं.

ठाणे

मला थोडं वेगळं बोलायचं आहे. गुलाबपाकळ्या, मेणबत्त्या, तेलं. हे सगळं करून झाल्यावर न्हाणीघर कोण घासतं? मीच. म्हणजे माझ्या आरामातून माझंच एक काम निघालं. मला पाण्यात काही नको. अर्धा तास मुलांना कोणीतरी खाली खेळायला न्या, एवढंच हवं.

टोकियो

ठाणे, शंभर टक्के! आमच्याकडे शेवटी टबात उतरेल त्याने टब घासायचा असं ठरलंय. त्यामुळे नवरा हल्ली पहिला नंबर लावतो.

सासवड

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? आमच्या गावी माउलींची पालखी दिवे घाट चढून येते. त्या संध्याकाळी दारोदारी वारकऱ्यांसाठी गरम पाणी असतं आणि पाय चेपून देणारेही असतात. मी लहानपणापासून पाणी देण्याचं काम केलंय. ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी परातीत पाय ठेवले आणि बसल्या जागी झोपी गेले. आता मीही दुकानातून आलो की तसेच पाय ठेवतो. बायकोचेही पाणी मीच तापवतो, हे ठाण्याच्या ताईंसाठी.

दापोली

पाणी तापवायची कटकट नको असेल तर आमच्याकडे या. उन्हवऱ्याला जमिनीतूनच कढत पाणी येतं, गंधकाच्या वासाचं. चांदीचे दागिने घरी ठेवा, काळे पडतात. बायकांची कुंडं वेगळी आहेत. तिथे बसलेल्या बायकांच्या गप्पा ऐकाव्यात, कुणालाही घरी जायची घाई नसते.

कोल्हापूर, परिचारिका

वाचत होते, राहवलं नाही. मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही आणि भिजून मऊ झालेल्या कातडीला जखम पटकन होते. गरोदर बायकांनी कढत पाण्यात बसू नये. सिझेरियन झालं असेल तर टाका पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत टबात उतरू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पाण्यातून सावकाश उठा, घेरी येते.

झोप लागत नसेल तर गरम आंघोळ झोपण्याच्या अगदी आधी नको, तास-दोन तास आधी करा. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरायला लागलं की झोप येते. दहा मिनिटंही पुरतात. रात्रपाळीनंतर मी सकाळी हेच करते, दाराला आतून कडी आणि फोन बाहेर.

पुणे, बँकेत काउंटरवर

आभार, सासूबाईंना साखर आहे, त्यांचं घमेलं आजपासून बंद. न्यू जर्सी, ओट्सने जाळी तुंबत नाही का?

न्यू जर्सी

बारीक असतील तर नाही. भीती वाटत असेल तर जुन्या मलमलच्या तुकड्यात बांधून पाण्यात पिळा, तीच पुरचुंडी अंगावरूनही फिरवता येते. मुलतानी माती मात्र पाण्यात नकोच, प्लंबर बोलवावा लागेल.