मदत हवी आहे: डुकराच्या किडनीबद्दल दादाला काय सांगू?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ तीन वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. आईला मधुमेह, माझा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला (त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी माझ्या पेशींवर उलटतात), म्हणून आम्ही दोघंही किडनी देऊ शकत नाही. आता झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटप करणाऱ्या केंद्राच्या, यादीत त्याचं नाव आहे. परवा त्याने विचारलं, "ते डुकराच्या किडनीचं पुढे काय झालं रे?"

मी वाचलं ते असं. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६२ वर्षांच्या रिक स्लेमन यांना ती बसवली. त्या डुकरात ६९ जनुकीय बदल होते. आपलं शरीर ज्या शर्करांवर तुटून पडतं त्या बनवणारी ३ जनुकं काढली, माणसाची ७ घातली आणि डुकराच्या डीएनएतच दडलेले ५९ विषाणू निकामी केले. केवढं बारीक काम! स्लेमन दोनेक महिन्यांनी गेले. प्रत्यारोपणामुळे गेल्याचं काही चिन्ह नाही, असं हॉस्पिटलने सांगितलं. नंतर डुकराचीच किडनी बसवलेले टिम अँड्र्यूज यांची मात्र ती २७१ दिवस चालली.

मला अडलंय ते इथे. २०२२ साली बाल्टिमोरमध्ये माणसाला बसवायला ज्या डुकराचं हृदय घेतलं, त्यात अवयव प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून ग्रोथ हार्मोन रिसेप्टरचं जनुकही बंद केलं होतं. या ६९ मध्ये ते दिसत नाही. मग किडनी वाढत नाही का, की मुळात लहान चणीचं डुक्कर निवडलं?

आणि खरा प्रश्न. अनेकदा रक्त चढवल्याने दादाच्या अंगात माणसाच्या ऊतींविरुद्ध अँटिबॉडी खूप आहेत. त्या अँटिबॉडी डुकराच्या पेशींवरही उलटतात का? इथे कुणी नेफ्रॉलॉजिस्ट किंवा इम्युनॉलॉजीत काम करणारं असेल तर कृपया सांगा. त्याला खोटी आशा द्यायची नाही, पण असलेली काढूनही घ्यायची नाही.