जोत्तोच्या भित्तिचित्रांतला निळा रंगच का झडला?

प्रश्न

इटलीतील पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमधील चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रे (सुमारे १३०३ ते १३०५) मी मोठ्या छायाचित्रांवरून बारकाईने पाहत आहे. ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवतीच्या विलापाच्या चित्रात चेहरे आणि हात आजही ताजे वाटतात. मात्र त्याला कवटाळून बसलेल्या आई मरियेच्या झग्याचा निळा रंग बराचसा गेलेला आहे. ओल हेच कारण असते, तर शेजारचे रंगही गेले नसते का?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. मूळ कारण रंग लावण्याच्या पद्धतीत आहे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला, की गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. गेरू, पिवळी माती, हिरवी माती यांना हे मानवते. अझुराइट या खनिजाचा निळा मात्र गिलावा वाळल्यावर सरस किंवा अंडे अशा चिकट द्रव्यात कालवून वरून लावत. ते द्रव्य कालांतराने दुबळे झाले, की रंग पापुद्रे धरून सुटतो. (अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर, तो वाळल्यानंतर काढलेली आहेत, त्यांना सरसकट फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावरचे चित्र) म्हणणे म्हणूनच योग्य नाही.)

प्रतिसाद २

वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. गिलाव्याचा शेवटचा थर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावत: चेहऱ्यासाठी लहान तुकडा, मोकळ्या पार्श्वभूमीसाठी मोठा. नव्या तुकड्याची कड जुन्यावर किंचित चढते, त्यामुळे तिरप्या प्रकाशात कामाचा क्रम ओळखता येतो. निळा थर या सगळ्यानंतरचा, आणि झग्याच्या चुण्यांची छायाप्रकाशाची घडणही बरीचशी त्याच थरात असणार. म्हणून मरियेच्या आजच्या सपाट झग्यावरून जोत्तोची पारख करणे अन्यायाचे ठरेल. त्याच चित्रात पुढे पाठमोऱ्या बसलेल्या दोन आकृती पाहाव्यात, वस्त्राआडच्या शरीराचे वजन तिथे स्पष्ट जाणवते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मग न टिकणारा रंग इतक्या सढळ हाताने का वापरला असावा?

प्रतिसाद ३

कारण इथे निळ्याला पर्याय नव्हता. २५ मार्च १३०५ रोजी पवित्र करण्यात आलेले हे चॅपेल मरियेला अर्पण केलेले आहे. तिचा झगा आणि सोनेरी ताऱ्यांचे छत यांना निळाच शोभतो. ते बांधवून घेणारा एनरिको स्क्रोवेन्यी श्रीमंत सावकारी घराण्यातला; त्याच्या वडिलांना कवी दांतेने आपल्या काव्यात नरकातल्या व्याजखोरांत बसवले आहे. अंतिम न्यायाच्या चित्रात एनरिको स्वतः चॅपेलची प्रतिकृती अर्पण करताना दिसतो. अशा यजमानाने निळ्यावरचा खर्च टाळला नसता. ओलीचा वाटाही नाकारता येत नाही: म्हणूनच आज प्रेक्षकांना आधी नियंत्रित हवेच्या कक्षात थांबवतात आणि मग लहान गटांनी, ठरावीक वेळेपुरते आत सोडतात.