मदत हवी आहे : आमच्या पोलिसांकडे आर्मीची चिलखती गाडी आहे, सिटी कौन्सिलमध्ये नेमकं काय विचारू? (कॅलिफोर्निया)

अंजिरी :
नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या लोकांची, आणि त्यातही सिटी कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन बोललेलं कोणी असेल तर त्यांची मदत हवीये. पोस्ट लांबलीये, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही इथे नऊ वर्षं आहोत, शहर छोटं आहे, शांत आहे. मागच्या महिन्यात मुलाच्या शाळेजवळच्या पार्कात पोलिसांचा कार्यक्रम होता, मुलांना बाइक, कुत्रे, गाड्या दाखवतात तसला. तिथे वाळूच्या रंगाची एक प्रचंड गाडी उभी होती, चाकंच माझ्या छातीला लागतील एवढी. मुलाने विचारलं ही कुठून आणली, तर ऑफिसर हसून म्हणाले, आर्मीने दिली, फुकट. मुलगा खूश, आणि माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना.

घरी येऊन वाचत बसले. त्या गाडीला एमरॅप म्हणतात. इराक-अफगाणिस्तानात रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांपासून जवान वाचावेत म्हणून बनवलेली, मूळ किंमत सहा-सात लाख डॉलरच्या घरात. संरक्षण खात्याला नको झालेलं सामान पोलिसांना द्यायची सोय १९९७ च्या संरक्षण कायद्यातल्या कलम १०३३ मध्ये आहे, म्हणून सगळे त्याला १०३३ प्रोग्राम म्हणतात. आत्तापर्यंत मूळ किमतीने धरलं तर सात अब्ज डॉलरच्या वर सामान असं वाटलं गेलंय. त्यात ब्लँकेटं, ऑफिसच्या खुर्च्या पण आहेत आणि रायफली पण. फुकट म्हणजे वस्तू फुकट. ती आणायची वाहतूक, टायर, दुरुस्ती, ट्रेनिंग हे सगळं आपल्या शहराच्या तिजोरीतून.

आता मुद्द्यावर येते. कॅलिफोर्नियात २०२२ पासून एबी ४८१ नावाचा कायदा लागू आहे. पोलिसांना असलं सामान मागायचं किंवा वापरायचं असेल तर आधी कौन्सिलने उघड्या मीटिंगमध्ये वापराचं धोरण मंजूर करायला हवं, आणि दरवर्षी रिपोर्ट द्यायला हवा. आमच्याकडे रिपोर्ट आलाय, वेबसाइटवर आहे, मी दोनदा वाचला. त्या गाडीपुढे ‘वापर’ या रकान्यात एकच ओळ आहे, गरजेनुसार वापर केला. किती वेळा, कुठे, कशासाठी, काही नाही. आणि पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यात हा विषय कन्सेंट कॅलेंडरमध्ये टाकलाय, म्हणजे फुटपाथची दुरुस्ती, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त असल्या वीस-पंचवीस विषयांच्या गठ्ठ्यात, चर्चा न करता एका मतात सगळं मंजूर.

मला पोलिसांशी भांडायचं नाहीये. शेजारच्या आजी पडल्या तेव्हा चार मिनिटांत आले होते, मी विसरले नाहीये. पण रणगाड्याच्या चुलतभावासारखी गाडी शाळेजवळून फिरणार असेल तर ती कधी बाहेर काढली याचा हिशोब कोणीतरी विचारायला नको का? तर, यावर बोलता येतं का, ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही, एच-वन वर आहोत तर चालतं का, गाडी १०३३ मधूनच आलीये हे कागदावर कसं बघायचं, आणि दोन मिनिटांत नेमकं काय बोलू?

सॅक्रामेंटोकर :
अंजिरीताई, आधी घाबरू नका. मीटिंगला कोणीही जाऊ शकतं, बोलू शकतं, नागरिकत्व कोणी विचारत नाही. इथल्या ब्राउन अॅक्टप्रमाणे हजर राहण्यासाठी नाव लिहून देण्याची सक्तीसुद्धा करता येत नाही.

कन्सेंटवरच्या विषयावरही मतदानाआधी बोलता येतं, पण त्याहून चांगलं म्हणजे आजच तुमच्या वॉर्डच्या कौन्सिल मेंबरला मेल करा की हा विषय कन्सेंटमधून बाहेर काढा. एका मेंबरने म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी तो वेगळा चर्चेला घेतात. शिष्टाचार म्हणून सिटी क्लार्कला कॉपी ठेवा, क्लार्कचं ऑफिस साधारण मदत करणारं असतं.

आता कायदा. रिपोर्टमध्ये काय हवं ते त्यातच लिहिलंय : सामान कसं आणि कशासाठी वापरलं, तक्रारी आल्या का, अंतर्गत तपासणीत काय निघालं, वर्षाचा एकूण खर्च आणि तो कुठल्या पैशातून, किती नग आहेत, आणि पुढच्या वर्षी अजून काय घ्यायचंय. ‘गरजेनुसार’ हे यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर होत नाही. शिवाय रिपोर्ट आल्यापासून तीस दिवसांत लोकांसाठी निदान एक बैठक घ्यायची असते, जिथे कोणीही प्रश्न विचारू शकेल. पार्कातला कार्यक्रम म्हणजे ती बैठक नव्हे! ती झाली का ते विचारा.

१०३३ चं बघायचं तर संरक्षण खात्याची जी लॉजिस्टिक्स एजन्सी हे चालवते ती दर तीन महिन्यांनी एक्सेल फाइल टाकते, राज्य आणि पोलीस खात्याच्या नावाने फिल्टर करा. आणि एक गोष्ट बऱ्याच कौन्सिल मेंबरना पण माहीत नसते : गाड्या, रायफली यांची मालकी संरक्षण खात्याचीच राहते, नको असेल तर परत करता येते. २०१४ मध्ये फर्ग्युसनला पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण गेला आणि निदर्शकांसमोर असल्या गाड्या उतरल्या, त्यानंतर इथल्याच डेव्हिस शहराच्या कौन्सिलने एमरॅप नको म्हणून ठराव केला, ती मग शेजारच्या वुडलंडच्या पोलिसांनी घेतली. सॅन डिएगोच्या शाळांच्या पोलिसांनी पण त्याच वर्षी आपली परत केली.

टेक्सासवाला :
थोडं वेगळं मत देतो, राग मानू नका. २०१७ ला हार्वे वादळात ह्यूस्टनच्या आसपास लोकांना पाण्यातून बाहेर काढायला याच आर्मीच्या उंच ट्रकांचा उपयोग झाला, माझ्या बहिणीच्या सोसायटीत असाच ट्रक आला होता. सॅन बर्नार्डिनोत २०१५ ला दहशतवादी हल्ला झाला तेव्हा चिलखती गाडी होती म्हणून गोळीबारात पोलिसांना आडोसा मिळाला. ती आर्मीची सरप्लस (नको झालेली) नव्हती, विकत घेतलेली होती, पण मुद्दा तोच. सरसकट वाईट ठरवू नका एवढंच.

अंजिरी :
राग कशाला, तुमचं बरोबर आहे. पुरासाठी हवी असेल तर रिपोर्टात पूर असं लिहा ना, मग मीच हो म्हणेन. माझं म्हणणं तेवढंच आहे की कशासाठी आहे ते ठरलेलं असावं आणि नंतर तपासता यावं. २०१७ मध्येच सरकारच्या ऑडिट करणाऱ्या जीएओने चक्क खोटं पोलीस खातं तयार करून या प्रोग्राममधून बारा लाख डॉलरच्या वर सामान उचलून दाखवलं होतं, नाइट व्हिजन वगैरे. इतकं ढिलं असेल तर खालच्या पातळीवर विचारणारं कोणीतरी हवंच.

धुळ्याची_मनी :
अंजिरी, मी इथे शहराच्या एका समितीवर चार वर्षं होते म्हणून सांगते. वॉशिंग्टनकडे बघत बसू नकोस. ओबामांनी २०१५ ला बंधनं आणली, ट्रम्पनी २०१७ ला काढली, बायडननी २०२२ ला परत काही घातली, २०२५ ला ती पण गेली आणि वर असं सामान जास्त द्या म्हणून आदेश निघाला. म्हणून तुमच्या कौन्सिलचं दरवर्षीचं मत हीच काय ती हातातली जागा आहे. आणि ते मत नुसतं रिपोर्ट पाहिला असं नोंदवायचं नसतं, प्रत्येक प्रकारचं सामान धोरणाप्रमाणे वापरलं गेलं का हे त्यांनी ठरवायचं असतं. वापर काय झाला तेच माहीत नसेल तर ते ठरवणार कशावरून? हेच बोल, बाकी सगळं सोड. आणि गाडीच्या वापराची नोंदवही पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टखाली आजच माग, आपल्या माहितीच्या अधिकारासारखंच आहे, दहा दिवसांत देणार की नाही ते कळवावं लागतं.

अंजिरी :
मनीताई, नोंदवही म्हटलंत आणि बाबा आठवले. दुष्काळाच्या वर्षी ग्रामसभेत ते फक्त टँकरचं लॉगबुक मागायचे, खेपा किती, कुठल्या वस्तीवर, सही कोणाची. सरपंच चिडायचे, पण दुसऱ्या आठवड्यात टँकर आमच्या वाडीवर यायचा.

मेल टाकला, रेकॉर्डचा अर्ज पण टाकला. क्लार्कचं उत्तर आलं, मेंबरने विषय बाहेर काढायला सांगितलंय! आता बोलायचं असं लिहिलंय, इथे मराठीत टाकते :

“मी या शहरात नऊ वर्षं राहते. माझा मुलगा त्या गाडीवर चढून फोटो काढून आलाय. मला आमच्या पोलिसांबद्दल आदर आहे. ही गाडी मागच्या वर्षी किती वेळा बाहेर काढली, प्रत्येक वेळी कशासाठी, आणि त्यावर शहराचा किती खर्च झाला, हे रिपोर्टात नाही. कायद्याप्रमाणे ते असायला हवं. ते येईपर्यंत हे मतदान पुढे ढकला, आणि लोकांची बैठक संध्याकाळी घ्या, नोकरी करणाऱ्यांना येता येईल अशी.”

यानंतर डेव्हिसचं आणि जीएओचं पण घातलंय, त्यामुळे वाचायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात. काय कापू?

धुळ्याची_मनी :
डेव्हिस काप, जीएओ काप. गाडी परत करा असं तू म्हणतच नाहीयेस, मग डेव्हिसचा विषय काढलास की सगळी चर्चा तिकडेच जाईल. मुलाचा फोटो ठेव. कागद तीन प्रती ने, एक क्लार्कला दे, म्हणजे रेकॉर्डवर जातो.

सॅक्रामेंटोकर :
आणि स्पीकर कार्ड, म्हणजे मला बोलायचंय असं कळवायची चिठ्ठी, विषय पुकारायच्या आधी भरा, नंतर घेत नाहीत काही ठिकाणी. मीटिंग कधी आहे? मी ऑनलाइन बघतो.

अंजिरी :
मंगळवारी साडेसहा. रात्री घरी आले की इथे लिहिते.