लिनक्सवर व्हिडिओचा आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांना अडाणी का म्हणता?

कानसेन
काल टर्मिनलप्रेमींनी लिहिलं की ऑनलाइन व्हिडिओचा आवाज हवा असेल तर वायटी-डीएलपी या व्हिडिओ उतरवणाऱ्या प्रोग्रामची टर्मिनलमधली एक ओळ पुरते, ऑडासिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडून रेकॉर्ड करत बसणारे अडाणी. ते वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. माझे गुरुजी ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलवर शिकवतात. तिथे उतरवून घ्यायला फाइलच नसते, सूर आला नि गेला. त्यांना विचारून मी तो पल्सऑडिओ या लिनक्सच्या आवाज-व्यवस्थेतल्या "मॉनिटर" नावाच्या स्रोतावरून टिपतो. स्पीकरकडे जे जातं त्याचीच ती प्रत, मायक्रोफोनचा संबंध नाही, त्यामुळे खोलीतला पंखा त्यात येत नाही. चार वर्षांची तालीम अशी जपून ठेवली आहे. हा अडाणीपणा?

टर्मिनलप्रेमी
मी कॉलबद्दल बोललोच नव्हतो, चढवून ठेवलेल्या व्हिडिओंबद्दल बोललो. तासाचं भाषण रेकॉर्ड करायला तास जातो. मध्येच कुणाचा मेसेज आला की ती टिंग कायमची आत बसते. ब्राउझरचा आवाज कमी ठेवलात तर रेकॉर्डिंगही तेवढंच बारीक. शिवाय सर्व्हरवरचा आवाज आधीच ओपस किंवा एएसी या प्रकारांत दाबलेला, म्हणजे जागा वाचवायला थोडा तपशील गाळलेला असतो. तुम्ही तो उलगडता, रेकॉर्ड करता आणि पुन्हा दाबता. वायटी-डीएलपीला नुसता लहान एक्सचा पर्याय (-x) द्या, मूळ आवाज पुन्हा न दाबता हातात येतो.

कानसेन
टिंगवर उपाय आहे. पीएसीटीएल या आदेशाने नल सिंक, म्हणजे कुठेच न वाजणारा नकली स्पीकर तयार करा, पाव्हूकंट्रोल या आवाज-नियंत्रणाच्या प्रोग्राममध्ये फक्त ब्राउझरचा आवाज तिकडे वळवा आणि त्या सिंकचा मॉनिटर रेकॉर्ड करा. मेसेजचा आवाज नेहमीच्या स्पीकरवर जातो. स्वतःलाही ऐकायचं असेल तर त्या सिंकपासून खऱ्या स्पीकरपर्यंत लूपबॅक जोडावा लागतो, एवढंच.

आईचीलेक
मी तुमच्याच त्या एका ओळीने आईसाठी प्रवचनं उतरवली. तिच्या छोट्या प्लेअरवर एकही वाजेना, कारण सगळ्या ओपस! ती दोन दिवस बटणं दाबत राहिली, आपलंच काही चुकतंय असं तिला वाटत होतं. शेवटी सगळं एमपी३ केलं, ३२० केबीपीएसवर (सेकंदाला ३२० किलोबिट), म्हणजे दर्जा चांगला राहील.

बिटमोजणी
३२०ने दर्जा वाढत नाही, ही समजूत सोडा. मूळ आवाज १२८ केबीपीएसचा असेल तर तासाला ५७.६ एमबी होतात, ३२०वर १४४. मूळ दाबताना जे गेलं ते गेलं, उलट दुसऱ्यांदा दाबताना आणखी थोडं जातं. बोलण्याच्या आवाजाला ३२० म्हणजे निव्वळ जागेची नासाडी.

आईचीलेक
माझ्या आईच्या कार्डावरची जागा आहे, तुमच्या नाही. वाजत नव्हतं तेव्हा तिचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत.

बिटमोजणी
चेहऱ्याचा आणि बिटरेटचा काय संबंध? प्लेअरला ओपस चालत नसेल तर एमपी३ करा, तिथे इलाज नाही हे मान्य. पण मूळ फाइल पुसू नका. उद्या दुसरा प्लेअर आला तर एमपी३वरून पुन्हा काहीतरी बनवाल आणि तिसऱ्यांदा दाबाल.

जुनीआवृत्ती
माझं दुखणं वेगळंच आहे. डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या वितरणाच्या भांडारातली वायटी-डीएलपी जुनी असते, साइट जरा बदलली की बंद पडते. मग लोक मला फोन करतात. ऑक्टोबर २०२०मध्ये आरआयएए या अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटने यूट्यूब-डीएल, म्हणजे ज्यातून वायटी-डीएलपी निघालं तो प्रोग्राम, खाली उतरवलं होतं, नोव्हेंबरात ते परत आलं. ते तीन-चार आठवडे मी विसरलेलो नाही. मॉनिटर आपल्याच मशीनवर असतो, तो कुणी काढून घेत नाही.

टर्मिनलप्रेमी
भांडारातली आवृत्ती वापरायला सांगितलंय कुणी? पायथनच्या पिप या प्रोग्राम बसवण्याच्या साधनाने घ्या आणि अद्ययावत ठेवा. आळस तुमचा, दोष प्रोग्रामला.

जुनीआवृत्ती
ज्यांना मी मशीन लावून दिलंय ते पिप ओळखत नाहीत. आळशी म्हणण्याआधी त्यांच्या शेजारी तासभर बसून पाहा.

पहिलीपायरी
मी मॉनिटरचं करून पाहिलं, पण रेकॉर्डिंगमध्ये माझाच खोकला आला. पाव्हूकंट्रोलचा रेकॉर्डिंग टॅब तर रिकामाच दिसतो. माझ्याकडे पल्सऑडिओऐवजी पाइपवायर ही नवी व्यवस्था आहे, म्हणून असेल का?

कानसेन
नाही, पाइपवायरवरही असंच चालतं. आधी ऑडासिटीत रेकॉर्डिंग सुरू करा आणि ते चालू असतानाच टॅब उघडा. रेकॉर्डिंग थांबलं की ती नोंदही जाते. तिथे मायक्रोफोनऐवजी तुमच्या स्पीकरचा मॉनिटर निवडा. याच एका गोष्टीपायी माझे पहिले दोन धडे वाया गेले.

टर्मिनलप्रेमी
कॉलसाठी रेकॉर्डिंगशिवाय मार्ग नाही, तिथपुरता "अडाणी" मागे घेतो. चढवलेल्या व्हिडिओंबाबत माझं मत तेच आहे.

कानसेन
तिथपुरता का होईना, घेतलात.

आईचीलेक
मूळ फाइली ठेवल्या आहेत. एमपी३ आता १९२वर केले. त्याखाली मी जाणार नाही.