एल. सी. स्मिथची १६ बोअर दुनळी : जुन्या चेंबरमध्ये आजची काडतुसे वापरावीत का?

पेनवासी :
नमस्कार. येथे पेनसिल्व्हेनियात एका परवानाधारक विक्रेत्याकडे एल. सी. स्मिथची १६ बोअरची, फील्ड दर्जाची दुनळी विक्रीस आहे. ती फुलटन, न्यूयॉर्क येथील हंटर आर्म्स कंपनीच्या काळातील आहे. नळ्या साध्या पोलादाच्या आहेत, पिळाच्या दमास्कस नळ्या नाहीत. चेंबर, म्हणजे नळीचा काडतूस बसण्याचा भाग, मोजले तेव्हा ते जेमतेम ६५ मिलिमीटर भरले. दुकानात सहज मिळणारे काडतूस मात्र पावणेतीन इंचांचे, म्हणजे ७० मिलिमीटरचे असते. तरीही ते चेंबरमध्ये बिनदिक्कत बसते आणि बंदूक व्यवस्थित मिटते, त्यामुळे माझा गोंधळ उडाला आहे. एका कारागिराने चेंबर लांबवून देण्याची तयारी दाखवली आहे. शिवाय डाव्या लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीमागे दस्त्याला केसाएवढी चीर दिसते. मला या बंदुकीने मातीच्या तबकड्या आणि हिवाळ्यात फेझंट पक्षी मारायचे आहेत. घ्यावी की सोडावी?

जुनी_दुनळी :
काडतूस बसते, पण म्हणून ते चालते असे नव्हे. डब्यावर छापलेली लांबी ही उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्याने ते बरेच आखूड भरते आणि आखूड चेंबरमध्येही आरामात जाते. चाप ओढला की ती दुमड उलगडते, तिला पसरायला जागा उरत नाही आणि तिची कड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरते. छर्रे आणि बूच तेवढ्या अरुंद वाटेने ढकलले जातात व दाब वाढतो.

तरीही चेंबर लांबवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दाब सर्वांत जास्त असतो त्याच टापूतील धातू खरवडला जातो, तो परत घालता येत नाही, आणि मूळ चेंबर कायम असलेल्या बंदुकीला संग्राहक नेहमीच अधिक मान देतात. अडीच इंची, कमी दाबाची १६ बोअरची काडतुसे अमेरिकेत आजही तयार होतात. ती महाग पडतात हे खरे, पण बदल काडतुसात करावा, बंदुकीत नव्हे.

पैसे मोजण्यापूर्वी नळ्यांच्या भिंतीची जाडी मापकाने तपासून घ्या. जुन्या नळ्या आतून गंजाचे खड्डे काढण्यासाठी घासलेल्या असू शकतात, आणि अशी नळी आरशासारखी चकाकते. सर्वांत पातळ जागी जाडी इंचाच्या वीस सहस्रांशांहून कमी निघाली, तर मी ती बंदूक घेणार नाही. नंतर पुढची लाकडी पकड काढा, बंदूक मिटा आणि नळ्या हलवून पाहा. खुळखुळ जाणवता कामा नये. स्मिथचा फिरता बोल्ट झीज भरून काढत जातो, म्हणून वरची कळ मिटल्यावर मध्यरेषेच्या उजवीकडे थांबत असेल तर पकड अजून घट्ट आहे असे समजावे.

अक्रोडी_दस्ता :
चिरेबद्दल लिहितो, कारण स्मिथच्या बाबतीत हाच खरा कळीचा प्रश्न आहे. पार्कर, फॉक्स आणि इथाका यांच्या दुनळ्यांत यंत्रणा मधल्या चौकटीत बसते. स्मिथ मात्र साइडलॉक, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांवर यंत्रणा असलेली, असल्याने दोन्ही बाजूंचे लाकूड लॉकसाठी कोरून काढावे लागते. उरलेल्या पातळ लाकडावर प्रत्येक धक्क्याला पट्टीचे मागचे टोक पाचरीप्रमाणे आदळते. त्यात वर्षानुवर्षे मुरलेले तेल लाकूड मऊ करते. चीर केसाएवढी असेल तर तेल शोषून काढून आतून इपॉक्सी भरता येते, आणि पट्टीच्या टोकामागे कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवली की चीर पुढे सरकण्याचे थांबते. हे काम साइडलॉक हाताळलेल्या कारागिराकडूनच करवून घ्या.

एक गोष्ट मात्र वेगळी समजून घ्यावी : कमी दाब म्हणजे कमी धक्का नव्हे. दाब नळीला सोसावा लागतो, तर धक्का दस्त्याला, आणि तो छर्‍यांच्या वजनावर व वेगावर ठरतो. तबकड्यांसाठी पाऊण औंसाचे किंवा फार तर सात अष्टमांश औंसाचे, मंद वेगाचे काडतूस या दस्त्याला पुरे. बंदूक ठेवताना नळ्यांचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही.

पेनवासी :
मनःपूर्वक आभार. बदकांसाठी ती वापरता येईल का, आणि तिचे वय कसे कळेल?

जुनी_दुनळी :
पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना १९९१ पासून अमेरिकाभर बंदी आहे. पोलादी छर्रे या नळ्यांत कधीही घालू नका. ते कठीण असल्याने घट्ट चोकपाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी अरुंद केलेल्या भागापाशी, नळी फुगवू शकतात. बिस्मथचे मऊ छर्रे चालतात, अर्थात कमी दाबाच्या काडतुसातच. वयाविषयी म्हणाल, तर फील्ड हे दर्जाचे नाव कंपनीने १९१२-१३ च्या सुमारास आणले, त्यामुळे बंदूक त्याआधीची नाही. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयाकडे स्मिथच्या कारखान्याच्या नोंदी आहेत. अनुक्रमांक कळवून शुल्क भरले, की मूळ नळ्यांची लांबी आणि पाठवणीची तारीख यांसारखे तपशील मिळू शकतात. नळ्या नंतर कापल्या असतील तर ते त्या पत्रावरून उघड होईल, म्हणून विक्रेता थांबायला तयार असेल तर पत्र आधी मागवा.