प्रतिसाद: पैसे नाहीत, मग करिअर कसलं?

वर कुणीतरी विचारलंय की हर्लिंगमध्ये (आयर्लंडचा काठी-चेंडूचा हौशी खेळ) पगारच नाही, तर त्याला करिअर कशाला म्हणायचं? हेन्री शेफलिनचं उदाहरण घ्या. आयर्लंडमधल्या किलकेनी काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), बॅलीहेल शॅमरॉक्स क्लबचा गडी. नोकरी बँकेत, आणि कामावरून सुटलं की सराव. या खेळात बदल्या-लिलाव नाहीत. खेळाडू सहसा आपल्या गावाच्या क्लबकडून आणि आपल्याच काउंटीकडून खेळतो.

2000 ते 2014 या काळात त्याने मैदानावर उतरून किलकेनीकडून 10 ऑल-आयर्लंड विजेतेपदं (काउंट्यांमधली सर्वोच्च राष्ट्रीय स्पर्धा) मिळवली. त्याआधीचा विक्रम 8 चा होता, आणि तो क्रिस्टी रिंग आणि जॉन डॉयल या दंतकथा झालेल्या जुन्या खेळाडूंच्या नावावर!

मला मात्र 2010 जास्त आठवतं. कॉर्कविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट गेला. किलकेनी सलग पाचव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर, म्हणून गडी महिन्याभरात अंतिम सामन्यात हजर. पंधरा मिनिटंही टिकला नाही, आणि टिपररीने सामना जिंकला. वेडेपणाच होता तो, माझं स्पष्ट मत. पण 2012 मध्ये हाच माणूस तिसऱ्यांदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला. त्या वर्षी गॅलवेविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणांत पेनल्टी मिळाली, तर तीन गुणांच्या गोलचा मोह टाळून त्याने चेंडू आडव्या दांड्यावरून मारला, एकच गुण घेतला. किलकेनी पुढे गेली, पण गॅलवेनेही गुण मिळवला आणि सामना बरोबरीत सुटला. फेरसामना किलकेनीने जिंकला. त्या पेनल्टीवरून लोक अजून वाद घालतात, म्हणे गोलच मारायला हवा होता.

2015 च्या मार्चमध्ये तो काउंटीच्या संघातून निवृत्त झाला, त्याच महिन्यात आपल्या क्लबबरोबर क्लबांची ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकून.